डाव तुमचा, ताट आमचं!

लास वेगास म्हटलं की निऑनचे दिवे, गरगरणारं रुलेट आणि पत्ते पिसणारे डीलर आठवतात. या शहराचा खरा स्वभाव मात्र कॅसिनोतल्या साध्या कॅफेत कळतो. पहाटे साडेतीनला तिथे एका टेबलावर अंडी-बटाट्याचा नाश्ता चाललेला असतो, शेजारच्या टेबलावर ग्रेव्हीत बुडालेला मीटलोफ असतो आणि कोपऱ्यात ड्युटी संपवून आलेला डीलर पॅनकेकवर सिरप ओतत असतो. नामवंत शेफांची झगमगती रेस्तराँ खुशाल असोत. वेगासची चव घडली ती अशाच घरगुती, पोटभरीच्या पदार्थांवर.

भुकेला गडी बाहेर जाता कामा नये

नेवाडा राज्याने 1931 मध्ये जुगार कायदेशीर केला. 1941 मध्ये गावाबाहेरच्या हमरस्त्यावर ‘एल रांचो वेगास’ उघडलं. पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून जगभर गाजलेल्या रस्त्यावरचं हे पहिलं रिसॉर्ट. मालकांपुढे एक रोकडा प्रश्न होता. खेळणाऱ्याला मध्यरात्री भूक लागली आणि तो जेवायला बाहेर पडला, तर परत येईल याची खात्री काय? त्यावर उपाय निघाला तो एका डॉलरात हवं तेवढं खाण्याचा, रात्री उशिराचा बुफे. जेवणात पैसे गेले तरी टेबलावर वसूल होत. वेगासच्या बुफेची सगळी वंशावळ इथून सुरू होते.

डाउनटाउनमध्ये बेनी बिनियन यांनी 1951 मध्ये ‘हॉर्सशू’ कॅसिनो सुरू केला आणि तेच सूत्र स्टेकला लावलं. त्यांच्या कॉफी शॉपमधला रात्री उशिराचा दोन डॉलरांचा स्टेक गावभर गाजला. मध्यरात्र ते सकाळ या वेळेतल्या अशा स्वस्त थाळीला ‘ग्रेव्हयार्ड स्पेशल’ म्हणत. रात्रपाळी संपवून येणारे वेटर, डीलर आणि सफाई कामगार हेही तिचे हक्काचे गिऱ्हाईक.

केचपच्या बाटलीशेजारी खडू

जुन्या कॉफी शॉपमध्ये मीठ, मिरपूड आणि केचपच्या जोडीला आणखी दोन वस्तू ठेवलेल्या असत: केनोच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि काळा मेणखडू. केनो म्हणजे 1 ते 80 मधले आपले आकडे निवडायचे आणि सोडत निघाली की किती जुळले ते पाहायचं. ऑम्लेट येईपर्यंत गिऱ्हाईक चिठ्ठीवर फुल्या मारी, ‘केनो रनर’ म्हणून फिरणारी बाई चिठ्ठी आणि पैसे घेऊन जाई आणि निकाल भिंतीवरच्या फलकावर उजळे. हातातला काटाही खाली ठेवावा लागत नसे! कॅसिनोचा वाटा सर्वांत जास्त असलेल्या खेळांपैकी हा एक, हेही सांगायला हवं. बिलात दिलेली सवलत अशी टेबलावरच परत घेतली जाई.

वाळवंटातली कोळंबी

फ्रीमाँट स्ट्रीटवरचं ‘गोल्डन गेट’ हे वेगासमधलं सर्वांत जुनं हॉटेल, 1906 सालचं. 1907 मध्ये शहरातला पहिला टेलिफोन इथेच आला आणि त्याचा नंबर होता 1. पण लोकांच्या लक्षात राहिली ती इथली कोळंबी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून आलेल्या इटालो गेल्फी यांनी 1959 मध्ये इथे श्रिम्प कॉकटेल सुरू केलं. आइस्क्रीमच्या उंच काचेच्या पेल्यात छोटी गार कोळंबी काठोकाठ, वर तिखटसर लाल सॉस आणि लिंबाची फोड. खाली कोबी-सॅलडचा भराव घालून पेला फुगवलेला नसे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किंमत 50 सेंट. ती थेट 1991 पर्यंत टिकली! मग 99 सेंट झाली, 2008 मध्ये 1.99 डॉलर, आणि 2017 मध्ये हा पेला गोल्डन गेटमधून नाहीसाच झाला. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, भर वाळवंटात, कोळंबी ही शहराची खूण व्हावी यासारखी दुसरी गंमत नाही.

हार्ड रॉक हॉटेलमधल्या ‘मिस्टर लकीज’ कॅफेत तर स्टेक आणि कोळंबीची एक थाळी मेन्यूत छापलेलीच नव्हती. माहीतगाराने नाव घेऊन मागायची. किंमत 7.77 डॉलर, म्हणजे स्लॉट मशीनवरचे लाडके तीन सत्ते.

हवाईकरांचं माहेर

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता किस्सा ‘कॅलिफोर्निया हॉटेल’चा. सॅम बॉइड यांनी ते 1975 मध्ये डाउनटाउनमध्ये उघडलं. नाव कॅलिफोर्निया, पण कॅलिफोर्नियाचे लोक काही फारसे फिरकेनात. बॉइड तरुणपणी हवाईत बिंगोच्या धंद्यात होते, तिथली माणसं त्यांना ठाऊक होती. हवाईत जुगाराला बंदी, म्हणजे हौस भागवायला बाहेर पडणं आलंच. बॉइड यांनी विमान, खोली आणि जेवण असं एकत्र पॅकेज काढलं, डीलरना फुलाफुलांचे हवाई शर्ट घातले आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर बदललं. भात आला, सायमिन नूडल्स आल्या आणि आलं ऑक्सटेल सूप.

ऑक्सटेल म्हणजे गुराच्या शेपटीचे हाडासकट तुकडे. आपल्याकडच्या पायासारखंच ते तासन् तास मंद आचेवर शिजतं, मांस हाडावरून सुटतं आणि रस ओठांना चिकटण्याइतका दाट होतो. हवाईच्या पद्धतीत त्यात चक्रीफूल आणि शेंगदाणे पडतात, वरून कोथिंबीर. सोबत किसलेलं आलं आणि वाफाळता भात. इथल्या ‘मार्केट स्ट्रीट कॅफे’त हे सूप रात्री उशिरा मिळू लागलं आणि त्याच्यासाठी मध्यरात्री रांगा लागल्या. हवाईची मुख्य बेटं आठ. वेगासला तिथले लोक ‘नववं बेट’ म्हणतात. एवढं आपलेपण नुसत्या स्लॉट मशीननी येत नाही, त्यामागे हा वाडगा आहे असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता

सँडविचचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते इंग्लंडचे चौथे अर्ल ऑफ सँडविच जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून पावात मांस घालून मागत, अशी अठराव्या शतकापासूनची दंतकथा आहे. त्यांचे वंशज, अकरावे अर्ल, ज्या सँडविच-साखळीच्या स्थापनेत सहभागी होते, तिचं एक दुकान वेगासच्या ‘प्लॅनेट हॉलिवूड’ कॅसिनोतही निघालं. घराण्याची गोष्ट बरोबर जागी पोहोचली!

स्ट्रिपवरच्या ‘व्हेनिशियन’ कॅसिनोने 1999 मध्ये ‘चीजकेक फॅक्टरी’ या रेस्तराँ-साखळीच्या मंडळींकडून खास ‘ग्रँड लक्स कॅफे’ उभारून घेतला. मकावच्या कॅसिनोत खेळणाऱ्यांच्या पोटभरीचं हेच काम नूडल्स आणि काँजी, म्हणजे तांदळाची पेज, करतात.

आणि आपल्याकडे? पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटींच्या प्रवेश पॅकेजमध्ये बुफे धरलेलाच असतो. खुद्द गोवेकरांना मात्र फेब्रुवारी 2020 पासून तिथे खेळायला मनाई आहे. महाराष्ट्राने तर 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला.

खिशाचं गणित

तो स्वस्ताईचा जमाना आता सरला आहे. 1992 मध्ये शेफ वुल्फगँग पक यांनी सीझर्स पॅलेसच्या दुकानसंकुलात ‘स्पागो’ उघडलं आणि नामवंत शेफांची रीघ लागली. पुढच्या काही वर्षांत स्ट्रिपवरच्या मोठ्या रिसॉर्टची निम्म्याहून जास्त कमाई जुगाराबाहेरून, म्हणजे खोल्या, खाणं आणि करमणुकीतून येऊ लागली. जेवणालाच नफा कमवायचा म्हटल्यावर दोन डॉलरांचा स्टेक कोण देणार? 2020 च्या साथीत बंद झालेले कितीतरी बुफे पुन्हा उघडलेच नाहीत.

तरीही वेगासला गेलात तर एक जेवण साध्या कॅफेत घ्याच. कॅसिनोचं मोफत ‘प्लेअर्स कार्ड’ आधी काढा, काही ठिकाणी ते दाखवलं की जेवणाचे दर उतरतात. प्लेटा अवाढव्य असतात, दोघांत एक मागवली तरी चालते. बिलावर 18 ते 20 टक्के टिप धरा. मुलं बरोबर असली तरी काळजी नको: 21 वर्षांखालच्यांना खेळता येत नाही आणि टेबलांपाशी रेंगाळताही येत नाही, पण हॉल ओलांडून कॅफेपर्यंत जायला मुभा आहे. आणि डाउनटाउनला मुक्काम असेल तर ऑक्सटेल सूप किती वाजल्यापासून मिळतं, ते संध्याकाळीच विचारून ठेवा.