परिचालन प्रणाली, संगणकाची : आरंभदोष व दुरुस्ती

संगणकाला विद्युत् पुरवठा मिळाल्यानंतर त्याची परिचालन प्रणाली कार्यस्मृतीत येऊन नियंत्रण हाती घेण्यापूर्वीच क्रिया थांबली, तर त्या बिघाडास आरंभदोष म्हणतात. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाचे घटक, त्यातील माहिती व त्यावर चालणारे इतर कार्यक्रम यांचे नियमन करणारा मूलभूत कार्यक्रमसमूह होय. व्यवहारात तिला ऑपरेटिंग सिस्टिम हे इंग्रजी नावच रूढ असून विंडोज, लिनक्स व मॅकओएस ही तिची परिचित उदाहरणे होत. आरंभदोष असलेल्या संगणकाचा पडदा काळा राहतो, निळ्या पडद्यावर दोषसंदेश उमटतो किंवा संगणक पुनःपुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होतो. अशा वेळी सर्व माहिती नष्ट झाली, असा वापरणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा बिघाड आरंभास लागणाऱ्या मोजक्या फायलींत वा नोंदींत असतो आणि दस्तऐवज, हिशेब, छायाचित्रे इ. हार्ड डिस्कवर जशीच्या तशी असतात. म्हणून दुरुस्तीत आधी माहिती वाचविणे व मग प्रणाली चालू करणे हा क्रम पाळावा लागतो. तो उलटा झाल्यास संगणक सुरू होतो, परंतु ज्यासाठी तो हवा होता ते हाती राहत नाही.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या संगणकांना आजच्या अर्थाने परिचालन प्रणाली नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक याच पिढीतील होय. त्याला कार्यक्रम व माहिती छिद्रित कागदी फितीवरून पुरविली जाई. अशा यंत्रांपुढील मूळ अडचण अशी की, कार्यक्रम वाचून स्मृतीत आणण्यासाठीही एक कार्यक्रम लागतो आणि तो आधीच स्मृतीत असावा लागतो. आयबीएम ७०१ (१९५२) या संगणकात एक कळ दाबताच पहिल्या काही आज्ञा वाचल्या जात व त्या पुढील आज्ञा आणीत. पीडीपी-८ (१९६५) या लघुसंगणकात चालकाला पहिल्या आज्ञा दर्शनी फलकावरील खटके वरखाली करून हाताने भराव्या लागत. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःस उचलणे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेला ‘बूट करणे’ हे नाव पडले व ते मराठी व्यवहारातही रुळले.

आयबीएम कंपनीच्या १९८१ च्या व्यक्तिगत संगणकात ही पहिली आज्ञावली वाचनमात्र स्मृतीत कायमची ठेवलेली होती. तिला बायॉस म्हणतात. १९८३ पासून हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत आरंभनोंद ठेवण्याची पद्धत आली. त्यांपैकी ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या कोष्टकासाठी व २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. एवढ्या लहान जागेवर संपूर्ण संगणकाचा आरंभ अवलंबून असल्याने ती विषाणू-कार्यक्रमांचेही लक्ष्य बनली. लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ (१९८६) हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभखंडात वस्ती करी, तर २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर जागृत झालेला सीआयएच हा विषाणू डिस्कच्या सुरुवातीच्या भागाबरोबर बायॉसही पुसून टाकी. २००५ मध्ये स्थापन झालेल्या उद्योगसंघाने प्रमाणित केलेली यूईएफआय ही व्यवस्था पुढे बायॉसच्या जागी आली.

आरंभाची प्रक्रिया : आरंभ ही एकामागून एक नियंत्रण सोपविण्याची साखळी आहे. (१) कळ दाबताच यूईएफआय किंवा बायॉस प्रक्रियक, स्मृती, कळफलक व डिस्क यांची तपासणी करते. (२) नंतर ठरवून दिलेल्या क्रमाने डिस्क, पेन ड्राइव्ह इ. साधनांत आरंभ-कार्यक्रम शोधला जातो. यूईएफआय असल्यास तो डिस्कवरील एका छोट्या स्वतंत्र विभागात फाइलरूपाने असतो. (३) आरंभ-कार्यक्रम परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कार्यस्मृतीत आणतो. (४) गाभा डिस्क, पडदा, जाळे इ. घटकांचे ड्रायव्हर कार्यक्रम सुरू करतो. (५) शेवटी सेवा-कार्यक्रम सुरू होऊन वापरणाऱ्यासमोर प्रवेशाचा पडदा येतो. प्रत्येक कडी केवळ पुढच्या कडीला ओळखते. म्हणून एक कडी तुटली की पुढील सर्व भाग सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरतो, तसेच तेवढी एक कडी जोडली की संपूर्ण संगणक पूर्ववत चालू होतो.

दोषांची कारणे : फायली लिहिल्या जात असताना वीज जाणे, हे नेहमीचे कारण होय. प्रणालीची सुधारित आवृत्ती बसत असताना वीज गेल्यास जुन्या व नव्या फायलींची सरमिसळ होते. सदोष ड्रायव्हर, विषाणू, डिस्क काठोकाठ भरणे, डिस्कच्या पृष्ठभागाचा किंवा जोडतारेचा बिघाड, एकाच संगणकावर दुसरी प्रणाली बसविताना पहिलीचा आरंभ-कार्यक्रम पुसला जाणे, ही इतर कारणे होत. मुख्य फलकावरील ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपल्यास घड्याळ मागे पडते व काही संगणकांत साधनांचा क्रम वा डिस्कची जोडणीपद्धत मूळ स्थितीला जाते. त्यामुळेही चांगली डिस्क संगणकाला ‘दिसेनाशी’ होते.

निदान : साखळी कोठे तुटली, हे बहुधा बाह्य लक्षणांवरून कळते. दिवा लागत नाही व पंखा फिरत नाही, तर दोष विद्युत् पुरवठ्याचा असतो. पंखा फिरतो, परंतु पडदा काळा राहून ठरावीक ‘बीप’ ऐकू येतात, तर स्मृती किंवा चित्रण घटक तपासावा लागतो. आरंभयोग्य साधन सापडत नाही, असा संदेश आल्यास प्रथम विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा व डिस्कची नोंद यूईएफआयमध्ये दिसते का, ते पहावे. कंपनीचे बोधचिन्ह दिसून पुढे काही घडत नसेल किंवा निळा पडदा येत असेल, तर डिस्क सापडली आहे व दोष प्रणालीच्या फायलींत किंवा ड्रायव्हरमध्ये असण्याचा संभव अधिक. निळ्या पडद्यावरील दोषसंकेत लिहून किंवा त्याचे छायाचित्र काढून ठेवणे पुढील कामास फार उपयोगी पडते. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असल्यास मात्र संगणक पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात तिची हानी वाढते.

दुरुस्तीच्या पद्धती : पहिली पायरी माहितीची प्रत घेण्याची होय. दुसऱ्या चालू संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स प्रणालीची ‘लाइव्ह’ प्रत तयार करतात व बिघडलेला संगणक तिच्यावरून सुरू करतात. यामुळे बिघडलेली प्रणाली न चालविता डिस्क उघडता येते व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरविता येतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडूनही हे साधते. डिस्क बिटलॉकरसारख्या पद्धतीने कूटबद्ध असल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली लागते. काही नव्या संगणकांत हे कूटन वापरणाऱ्याच्या लक्षात न येता सुरू झालेले असते व किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. ती किल्ली हाती येण्यापूर्वी यूईएफआयमधील सुरक्षाविषयक मांडणी बदलू नये.

दुसरी पायरी तुटलेली कडी जोडण्याची. विंडोजमध्ये आरंभ सलग अयशस्वी झाल्यास पुनःप्राप्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पर्याय आरंभाच्या नोंदी तपासून दुरुस्त करतो. ‘सेफ मोड’मध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन प्रणाली सुरू होते. येथे नुकताच बसविलेला ड्रायव्हर वा सुधारणा काढून टाकता येते. पूर्वीच्या तारखेची मांडणी परत आणण्याचा पर्यायही असतो. त्याने दस्तऐवजांना धक्का लागत नाही. प्रणालीच्या फायली तपासण्यासाठी एसएफसी, तर डिस्कवरील रचना तपासण्यासाठी चेकडिस्क ही आज्ञा वापरतात. चेकडिस्क डिस्कवर लेखन करीत असल्याने ती प्रत घेतल्यानंतरच चालवावी. लिनक्समध्ये आरंभसूचीतून गाभ्याची जुनी आवृत्ती निवडून संगणक सुरू करता येतो. आरंभ-कार्यक्रम पुसला गेला असल्यास ‘लाइव्ह’ प्रतीवरून तो पुन्हा बसवितात.

तिसरी व शेवटची पायरी म्हणजे डिस्क कोरी करून प्रणाली नव्याने बसविणे. यालाच बोलीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. ही पद्धत शीघ्र व हमखास असल्याने दुरुस्तीच्या दुकानांत ती प्रथमच सुचविली जाण्याचा संभव असतो. परंतु तिच्यात संगणकावरील मूळ माहिती पुसली जाते. चुंबकीय डिस्कवरून पुसलेल्या फायली विशेष कार्यक्रमांनी काही वेळा परत मिळतात. सॉलिड स्टेट ड्राइव्ह या नव्या प्रकारात मात्र रिकामी केलेली जागा आतल्या आत साफ केली जाते व माहिती परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक हानी संभवते. युनिकोड संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीचे पुष्कळ मराठी दस्तऐवज पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या प्रणालींतील विशिष्ट टंकांत आहेत. टंक नव्या प्रणालीत नसल्यास ते दस्तऐवज उघडतात, परंतु अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. त्यामुळे दस्तऐवजांबरोबर टंकांच्या फायलींचीही प्रत घेणे आवश्यक असते.

२०२४ चा व्यापक बिघाड : एक सदोष फाइल किती संगणकांचा आरंभ रोखू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, आरंभाच्या वेळीच चालतो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वा. ३९ मि. या सुमारास कंपनीने पाठविलेल्या फाइलमुळे हा भाग स्मृतीच्या मर्यादेबाहेर वाचू लागला, प्रणाली कोसळली व पुन्हा सुरू होताना त्याच जागी पुन्हा कोसळू लागली. सु. ७८ मिनिटांत फाइल मागे घेण्यात आली, परंतु बंद पडलेल्या संगणकांना ती सुधारणा पोहोचू शकत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख संगणक बाधित झाले. मुंबई, दिल्ली, बंगळूर इ. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर परिणाम झाला नसल्याचे केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केले. दुरुस्ती अगदी लहान होती : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे. मात्र बहुतेक ठिकाणी एकेका संगणकासमोर माणसाला बसावे लागले व कूटबद्ध डिस्कसाठी किल्ली शोधावी लागली. कोठेही डिस्क कोरी करण्याची गरज नव्हती. या घटनेनंतर पुनःप्राप्तीच्या अवस्थेतूनच जाळ्याद्वारे उपाय मिळविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये समाविष्ट केली.

जिल्हापातळीवरील महत्त्व : दुरुस्तीच्या क्रमाचा प्रश्न महानगरांपेक्षा यवतमाळसारख्या जिल्ह्यात अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. सु. १३,५८२ चौ. किमी. क्षेत्राच्या या जिल्ह्यात १६ तालुके असून पूर्वेकडील वणी व दक्षिणेकडील उमरखेड ही तालुक्यांची गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर आहेत. सात-बारा उताऱ्यांच्या नोंदी शासनाच्या मध्यवर्ती संगणकांवर असल्याने एखाद्या केंद्रातील संगणक बंद पडला, तरी उतारा दुसरीकडून काढता येतो. दुकानाची उधारी, शाळेने टंकलिखित केलेली कागदपत्रे, सहकारी संस्थेची इतिवृत्ते, छायाचित्रकाराचा संग्रह यांना मात्र असे दुसरे स्थान असतेच असे नाही. ज्या नोंदीची एकच प्रत आहे, ती वाचविण्यासाठी संगणक आणखी एक दिवस बंद राहिला, तरी ते सोसण्याजोगे असते. म्हणून संगणक दुरुस्तीस देताना ‘माहितीची प्रत घेतल्याशिवाय डिस्क कोरी करू नये’ अशी सूचना पावतीवर लिहून घेणे हितावह होय.

प्रतिबंध : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक वेगळ्या जागी, असा संकेत सर्वत्र मान्य आहे. बाहेरची डिस्क सतत जोडून ठेवल्यास विषाणू तिच्यावरही पोहोचतो; ती प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. सुधारित आवृत्ती बसत असताना संगणक बंद करू नये व वीज जाण्याचा संभव असेल तेथे यूपीएस हे अखंड विद्युत् पुरवठ्याचे साधन वापरावे. आरंभयोग्य पेन ड्राइव्ह संगणक चालू असतानाच तयार करून ठेवावा. कूटनाची किल्ली कागदावर लिहून संगणकापासून वेगळी जपावी. घेतलेली प्रत वर्षातून एक-दोनदा दुसऱ्या संगणकावर उघडून पहावी, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच असते.