लाखो मजूर परत पाठवले, तरी मजुरी वाढली नाही. अमेरिकेच्या शेतात नेमकं झालं काय?

'बाहेरचे आले म्हणून आमची मजुरी पडली.' कुठल्याही शहरात, कुठल्याही देशात हे वाक्य ऐकायला मिळतं. त्यामागचं गणितही सोपं वाटतं. बाजारात कांदा जास्त आला की भाव पडतो, कमी आला की चढतो. मजुरांचंही तसंच असणार. म्हणजे बाहेरचे मजूर परत पाठवले की स्थानिकांची मजुरी वाढली पाहिजे.

अमेरिकेने हे खरंच करून बघितलं.

काय होती ब्रासेरो योजना?

दुसऱ्या महायुद्धात शेतात माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. मेक्सिकन मजुरांनी हंगामापुरतं यायचं, काम करायचं आणि परत जायचं. या योजनेचं नाव 'ब्रासेरो'. युद्ध संपलं तरी योजना चालूच राहिली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला चार लाखांहून जास्त मजूर यायला लागले.

त्यांच्यामुळे अमेरिकन शेतमजुराची मजुरी पडते, असं कामगार संघटनांचं म्हणणं होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनाही ते पटलं होतं. शेवटी ३१ डिसेंबर १९६४ ला योजना बंद झाली.

मग मजुरी वाढली का?

मायकेल क्लेमेन्स, एथन लुईस आणि हॅना पोस्टेल या तीन अभ्यासकांनी जुन्या सरकारी नोंदी तपासल्या आणि २०१८ साली त्याचा हिशोब मांडला. जिथे ब्रासेरो मजूर भरपूर होते ती राज्यं आणि जिथे ते जवळपास नव्हतेच ती राज्यं, अशी तुलना केली. मजुरी दोन्हीकडे साधारण सारख्याच वेगाने वाढत गेली. मजूर गेल्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

कारण शेतमालक गप्प बसले नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठात टोमॅटो तोडणारं यंत्र आधीच तयार होतं. यंत्रात फुटू नये असा टणक, एकदम पिकणारा टोमॅटोही तयार केला होता. पण मजूर स्वस्तात मिळत असताना महागडं यंत्र घेणार कोण? १९६४ नंतर चित्र पालटलं. काही वर्षांतच कॅलिफोर्नियातला सॉस-केचपचा जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. स्ट्रॉबेरी, लेट्यूससारख्या पिकांना असं यंत्र नव्हतं. तिथे उत्पादनच कमी झालं.

म्हणजे मजूर कमी झाले, तसं कामही कमी झालं.

उलटं झालं तर?

एप्रिल ते ऑक्टोबर १९८० या काळात क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले. त्यातले बरेच मायामीत राहिले आणि शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली दाखवलं, की तरीही स्थानिकांची मजुरी फारशी पडली नाही. आलेला माणूस फक्त काम मागत नाही, तो भाड्याने घर घेतो, किराणा घेतो, केस कापून घेतो. त्यातून नवं काम तयार होतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण वाद तिथे संपला नाही. स्वतः क्युबातून आलेले जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. शाळा अर्धवट सुटलेल्या पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी पडली, असा त्यांचा निष्कर्ष. इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला, की इतक्या थोड्या लोकांच्या माहितीवरून असं म्हणता येत नाही. तरी एक मुद्दा उरतोच. सरासरी मजुरी टिकली म्हणजे प्रत्येकाची टिकली असं नाही. नवा माणूस ज्याच्या जागी उभा राहू शकतो, फटका त्यालाच बसण्याची शक्यता जास्त.

खरी मेख कुठे आहे?

ब्रासेरो मजूर करारातल्या मालकाशी बांधलेला असायचा. मालक पटला नाही तरी दुसरीकडे जायची सोय नव्हती. तक्रार केली तर परत पाठवतील ही भीती. ज्याला काम सोडता येत नाही, तो भाव काय करणार?

योजना संपल्यावर, सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोत फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप केला. सेझार चावेझ यांची संघटना त्यात उतरली. लोकांनी द्राक्षांवर बहिष्कार टाकला. तब्बल पाच वर्षांनी, १९७० साली, मालक करारावर सही करायला तयार झाले. त्या मजुरांची मजुरी वाढली ती लढून.

महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांना हे वेगळं सांगायला नको. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. आणि आता फडात हार्वेस्टरही उतरलाय.

थोडक्यात काय, तर किती माणसं आली आणि किती गेली, एवढ्यावर मजुरी ठरत नाही. मालकापुढे दुसरा पर्याय आहे का आणि मजुराला 'नाही' म्हणता येतं का, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात.