स्वीडनमधील वात्रट हिमशिल्पे : सार्वजनिक कला, विनोद आणि वितळण्याची मुदत

प्रास्ताविक

सार्वजनिक कलेविषयीचे आपले विवेचन बहुधा पुतळे, स्मारके आणि भित्तिचित्रे यांच्याभोवती फिरते. दगड, कांस्य आणि रंग ही टिकणारी माध्यमे आहेत. त्यामुळे कृती कोणी उभारली, कोणाच्या पैशाने उभारली आणि ती हटवण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न तिच्यासोबत आपोआप येतात. परंतु जी कृती रात्री कोणा अनामिकाने घडवली, सकाळी जाणाऱ्या-येणाऱ्यांना हसवून गेली आणि आठवड्याभरात पाणी होऊन वाहून गेली, तिला सार्वजनिक कला म्हणावे काय? स्वीडनमधील विनोदी हिमाकृती हा प्रश्न विचारण्यास भाग पाडतात. प्रस्तुत लेखात अशा आकृतींचा विचार केला आहे. त्यांना लाभणाऱ्या सहिष्णुतेचे श्रेय सामान्यतः स्वीडिश समाजाच्या मोकळेपणाला दिले जाते. तथापि या सहिष्णुतेचे मूळ त्या समाजाच्या स्वभावापेक्षा माध्यमाच्या नश्वरतेत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'वात्रट' हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. वात्रटिकेच्या परिचयामुळे मराठी वाचकाला त्यातील छटा ठाऊक आहे. वात्रटपणात खोडी असते, मर्यादेचे उल्लंघन असते, पण ज्याची खोडी काढली त्यालाही हसण्याची जागा ठेवलेली असते. दुसरा खुलासा माध्यमाविषयी. आकाशातून पडणारे भुसभुशीत ते आणि पाणी गोठून घट्ट झालेले ते, या दोहोंनाही आपण व्यवहारात 'बर्फ' म्हणतो. स्वीडिश भाषेत 'स्नो' आणि 'ईस' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. या लेखात पहिल्यासाठी 'हिम' आणि दुसऱ्यासाठी 'बर्फ' अशी योजना केली आहे.

माध्यमाचा स्वभाव

हिमाला आकार देणे वाटते तितके सोपे नाही. कडाक्याच्या थंडीत पडलेले कोरडे हिम मुठीत दाबले तरी पिठासारखे निसटते. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ आले की हिमकणांवर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि कण एकमेकांना धरतात. अशा हिमाला स्वीडिश भाषेत 'क्रामस्नो' म्हणतात. 'क्रामा' या क्रियापदाचा अर्थ दाबणे, कवटाळणे. मिठीत घेता येते ते हिम, असा अर्थ कोणी लावला तर तो अगदीच चुकीचा ठरणार नाही. एकदा दाबलेले हिम काही तास तसेच राहू दिले, तर कणाकणांमध्ये गोठलेले सांधे तयार होऊन ते टणक होते. व्यावसायिक हिमशिल्पी याच गुणधर्माचा उपयोग करतात. लाकडी चौकटीत हिम भरून ते पायाने तुडवतात, मुरू देतात आणि चौकट काढल्यानंतर करवत व फावड्याने तो ठोकळा वरून खाली कोरत आणतात.

वात्रट शिल्पकाराला मात्र इतकी सवड नसते. त्याला साधन म्हणून बूट आणि फावडे पुरतात, आणि कच्चा माल महानगरपालिकेनेच रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेला असतो. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. स्वीडनच्या उत्तरेस, किरुनासारख्या शहरात, हिम वर्षातील जवळजवळ निम्मा काळ जमिनीवर असते. पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग येथे सागरी हवामानामुळे ते पडते आणि पुष्कळदा लवकरच नाहीसे होते. उत्तरेत हिम ही परिस्थिती आहे, तर गोथेनबर्गमध्ये ती घटना आहे. घटना घडली की माणसे घराबाहेर पडतात, आणि वात्रटपणाला प्रेक्षक हवाच असतो.

जुनी खोडी

हिमाशी खेळण्याची ही वृत्ती आजची नव्हे. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने धर्मसुधारणेच्या काळात मायदेश गमावल्यानंतर १५५५ मध्ये रोम येथे उत्तरेकडील लोकांविषयी एक विशाल लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हिमकणांच्या विविध आकारांची युरोपात छापली गेलेली सर्वांत जुनी चित्रे त्यात आहेत आणि मुलांनी रचलेल्या हिमदुर्गांचे व त्यांवरून होणाऱ्या हिमगोळ्यांच्या लढायांचे वर्णनही आहे. निर्वासित आर्चबिशपला रोमच्या उन्हात बसून हिमगोळ्यांची आठवण यावी, ही गोष्ट मोठी लोभस वाटते.

स्वीडनबाहेरचे एक उदाहरण येथे टाळता येत नाही. १५११ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ब्रुसेल्सच्या नागरिकांनी चौकाचौकांत शंभराहून अधिक हिमाकृती उभारल्या होत्या. त्यांत देवदेवता आणि संत होते, तसेच राजकीय टवाळी व उघडउघड अश्लील आकृतीही होत्या. यान स्मेकेन या नगरकवीने त्यांवर दीर्घकाव्य लिहून ठेवले, म्हणून आज त्यांची माहिती मिळते. जे दगडात घडवले असते तर शिक्षा झाली असती, ते हिमात चालून गेले. हेच सूत्र पाच शतकांनंतर गोथेनबर्गमध्ये पुन्हा दिसते.

गोथेनबर्गचा खंदक, २०१६

गोथेनबर्ग शहराची स्थापना १६२१ मध्ये झाली आणि डच अभियंत्यांच्या आराखड्यानुसार त्याभोवती खंदक खणण्यात आला. तटबंदी बहुतांशी गेली, खंदकाचा काही भाग राहिला आणि त्याच्या काठाने आज कुंग्सपार्केन हे उद्यान पसरले आहे. जानेवारी २०१६ मध्ये या खंदकाचे पाणी गोठले, त्यावर हिमाचा पांढरा थर बसला, आणि त्या थरावर कोणीतरी पुरुषलिंगाची अजस्र आकृती रेखाटली. काटेकोरपणे पाहता हे शिल्प नव्हे, हिमात उमटवलेले रेखाचित्र होते. परंतु काठावरून आणि पुलावरून ते स्पष्ट दिसत होते, आणि ज्याला दिसायचे त्याला दिसले.

नगर प्रशासनाच्या उद्यान विभागाने आकृती पुसून टाकली. येथवरची कथा कोणत्याही शहरात घडू शकली असती. वेगळेपण पुढे आहे. आकृती का पुसली, अशी तक्रार नागरिकांनी केली. ज्या कर्मचाऱ्यांवर पुसण्याचे काम आले होते, त्यांपैकी एकाला स्वतःलाच वाईट वाटले आणि त्याने शहराच्या मध्यभागी असलेल्या हेडेन या विस्तीर्ण मोकळ्या मैदानावर तशीच नवी आकृती काढून दिली. हेडेन ही पूर्वी लष्करी कवायतीची जागा. जेथे एके काळी सैनिक रांगेत चालत, तेथे पालिकेचा कर्मचारी हिमात लिंग रेखाटत होता!

या प्रसंगाकडे जगभरच्या वृत्तपत्रांनी चुटका म्हणून पाहिले. तो चुटका आहेच. परंतु सार्वजनिक कलेच्या अभ्यासकाला त्यात तीन कृती दिसतात : अनामिकाने काढणे, प्रशासनाने पुसणे आणि प्रशासनाच्याच माणसाने पुन्हा काढणे. यांतील तिसरी कृती सर्वांत विलक्षण होय. तिने वात्रटपणाला अधिकृत मान्यता दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कर्मचाऱ्याने नियम बदलला नाही, त्याने केवळ झालेली हानी भरून दिली. परंतु हानी झाली होती हे मान्य करणे म्हणजेच ती आकृती कोणाच्या तरी मालकीची होती, निदान पाहणाऱ्यांच्या मालकीची होती, हे मान्य करणे होय. पुतळा हलवण्यावरून शहरे दुभंगलेली आपण पाहिली आहेत. येथे चार दिवसांची आकृती पुसल्याबद्दल शहराने भरपाई केली.

तीच आकृती रंगात

वरील प्रसंगावरून स्वीडिश समाज लैंगिक प्रतिमांबाबत उदार आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने दोन वर्षे पुढे जाऊन स्टॉकहोमकडे पाहावे. एप्रिल २०१८ मध्ये कारोलिना फाल्कहोल्ट या नामवंत कलावतीने कुंग्सहोल्मेन भागातील एका इमारतीच्या भिंतीवर पाच मजले उंचीचे निळे लिंग रंगवले. येथे कलावंत अनामिक नव्हती आणि भिंत वापरण्यास परवानगीही होती. तरीही रहिवाशांच्या तक्रारी आल्या आणि अल्पावधीतच ते चित्र रंग फासून झाकण्यात आले.

विषय एक, देश एक, काळही जवळजवळ एकच. निवाडा मात्र उलट. दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे नाहीत हे खरे. खंदकावरची आकृती पाहायची की नाही हे पादचारी ठरवू शकत होता, समोरच्या घरात राहणाऱ्याला ती भिंत रोज पाहणे भाग होते. पण हा फरकही अखेर टिकण्याशीच येऊन मिळतो. 'हे रोज पाहावे लागेल' या तक्रारीतला 'रोज' हिमाच्या बाबतीत निर्माणच होत नाही.

कायद्यातही हा भेद प्रतिबिंबित होतो. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा सिद्ध होण्यासाठी कोणाच्या तरी वस्तूची हानी व्हावी लागते. हिमावर आकृती काढल्याने कोणाची कोणती वस्तू बिघडली, हे सांगणे कठीण आहे. स्टॉकहोम शहराने २००७ मध्ये भिंतींवरील अनधिकृत चित्रांबाबत शून्य सहनशीलतेचे धोरण स्वीकारले होते आणि २०१४ नंतर ते सोडून दिले. त्या सर्व वर्षांत रंगाचा डबा संशयास्पद होता, हिमाचे फावडे नव्हते.

पेंढ्याचा बोकड आणि चौकातला कुत्रा

तुलनेसाठी अन्य माध्यमांतील स्वीडिश वात्रटपणाकडे धावती दृष्टी टाकू. येव्ले या शहरात १९६६ पासून नाताळापूर्वी पेंढ्याचा सुमारे १३ मीटर उंच बोकड उभारला जातो, आणि तो जाळण्याचा उद्योग अनेक वर्षे कोणी ना कोणी करत आले आहे. पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री तो जळाला. पन्नासाव्या वर्धापनाच्या वर्षी, २०१६ मध्ये, तर उद्घाटनाच्या दिवशीच जळाला. २००१ मध्ये एका अमेरिकन पाहुण्याने ही मान्य परंपराच आहे अशा समजुतीने बोकडाला आग लावली आणि त्याला १८ दिवस तुरुंगात काढावे लागले. (२०२३ मध्ये पेंढ्यात धान्य राहिल्याने पक्ष्यांनीच बोकड टोचून विद्रूप केला, त्यांच्यावर खटला भरता आला नाही.) बोकडाला किंमत आहे, मालक आहे, म्हणून त्याच्याशी केलेली मस्करी गुन्हा ठरते.

याउलट लिनशॉपिंगचा श्वान. तेथील एका वाहतूक-वर्तुळात स्टीना ओपित्स या शिल्पकर्तीच्या कृतीसोबत एक काँक्रीटचा कुत्रा होता. त्याची मोडतोड होऊन तो नाहीसा झाल्यावर, २००६ मध्ये, अज्ञात व्यक्तीने त्या जागी घरी बनवलेला लाकडी कुत्रा आणून बसवला. पाहता पाहता देशभरातील चौकांत रातोरात घरगुती कुत्रे उगवू लागले. हा हिमशिल्पाचाच लाकडी भाऊ म्हणता येईल : अनामिक, स्वस्त, निरुपद्रवी. पण पुढे काय झाले? २००७ मध्ये लार्स विल्क्स या कलावंताने याच श्वानाच्या रूपाचा आधार घेऊन प्रेषित महंमदांची रेखाचित्रे काढली. त्यांतून आंतरराष्ट्रीय वाद उद्भवला, त्यांच्या जिवावर हल्ल्याचे प्रयत्न झाले आणि २०२१ मध्ये रस्ते अपघातात, सोबतच्या दोन पोलिसांसह, मृत्यू येईपर्यंत त्यांना पोलीस संरक्षणात राहावे लागले. ज्याची खोडी काढली त्याला हसण्याची जागा उरली नाही, की तो वात्रटपणा राहत नाही. आणि कागदावरचे रेखाचित्र वितळतही नाही.

राजमान्य हिम

स्वीडनमध्ये शासनपुरस्कृत सार्वजनिक कलेची परंपरा दृढ आहे. सार्वजनिक इमारतींच्या खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखावा हे तत्त्व १९३७ मध्ये स्वीकारले गेले व त्याच वर्षी राज्य कला मंडळ स्थापन झाले. हिमालाही अशी प्रतिष्ठित शाखा आहे. युक्कासयार्वी या उत्तरेकडील गावात १९८९-९० च्या सुमारास सुरू झालेले आइसहोटेल दर हिवाळ्यात टॉर्ने नदीच्या बर्फातून नव्याने उभे राहते. हिम आणि बर्फ यांच्या मिश्रणाला तेथे 'स्नीस' असे जोडनाव मिळाले आहे. निवडक कलावंत तेथील दालने कोरतात, आणि वसंतात ती पुन्हा नदीला मिळतात. काम उत्कृष्ट असते यात शंका नाही. परंतु तिकीट काढून पाहायला जाणारा प्रेक्षक तयारीने जातो. वात्रट आकृतीचा प्रेक्षक कार्यालयाकडे निघालेला असतो, त्याला गाठले जाते. हा अनपेक्षितपणा निमंत्रणपत्रिकेने साधत नाही.

छायाचित्राचा प्रश्न

नश्वरतेच्या या करारात एक फट मात्र पडली आहे, ती छायाचित्राची. गोथेनबर्गची पहिली आकृती पुसली गेली, परंतु तिची प्रतिमा जगभर पोहोचली. आकृती पाहणारे खंदकाकाठचे शेकडो, प्रतिमा पाहणारे असंख्य. स्वीडिश स्वामित्वहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बाहेर ठेवलेल्या कलाकृतीचे चित्रण करण्याची मुभा आहे. या मुभेत खुला इंटरनेट संग्रह बसत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिला. आता हिमाकृती 'कायमस्वरूपी' कशी म्हणावी? शब्दशः वाचल्यास टिकणाऱ्या पुतळ्याला लागू असलेली ही मुभा वितळणाऱ्या आकृतीला मिळू नये असे दिसते. अर्थात ज्याने रात्री अंधारात काम उरकले तो आपला हक्क सांगण्यास पुढे येण्याची शक्यता कमीच.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत स्वीडनचे सरासरी तापमान सुमारे २ अंशांनी वाढले आहे आणि दक्षिण व पश्चिम स्वीडनमधील हिमाचे दिवस घटत चालले आहेत. युक्कासयार्वी येथे २०१६ पासून आइसहोटेलचा एक भाग सौरऊर्जेवर चालणाऱ्या शीतकरणाने उन्हाळ्यातही टिकवून ठेवला जातो. कुंग्सपार्केनच्या खंदकासाठी अशी सोय नाही. तेथे आधी पाणी गोठावे लागते, मग त्यावर हिम पडावे लागते, आणि त्या रात्री कोणालातरी झोप येऊ नये लागते.