बत्तीसमध्ये ‘कुठलंही बत्तीस’ चालत नाही

शस्त्र-परवानाधारक मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “बोअर बत्तीसच ना? मग बत्तीसचं कुठलंही काडतूस चालतं.” सांगणाऱ्याने बरीच वर्षं शस्त्र बाळगलेलं असतं, त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो. कृपा करून डोलावू नका.

.३२ हे गोळीच्या जाडीचं इंचांतलं माप, तेही ढोबळ. प्रत्यक्षात गोळी ७.९ मिलिमीटरच्या आसपास भरते. कंबर ३२ म्हणून कुणाचीही पँट आपण घालत नाही. लांबी बघतोच ना?

आपल्याकडे या बोअरची मुख्यतः दोन काडतुसं चालतात. ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ हे १८९६चं, रिव्हॉल्वरसाठी बनलेलं. कानपूरच्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्वरला हेच लागतं. दुसरं ‘.३२ एसीपी’, ज्याला ‘७.६५ मिलिमीटर’ही म्हणतात. हे जॉन ब्राउनिंग यांनी पिस्तुलासाठी घडवलं. ‘अशनी’ पिस्तुलात ते वापरतात.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. लाँगची पुंगळी २३ मिलिमीटरहून थोडी जास्त, बुडाची कडा ठसठशीत. एसीपीची पुंगळी १७ मिलिमीटर, कडा जेमतेम. लाँग पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही, म्हणजे तिकडची चूक लगेच कळते. घोटाळा उलट बाजूने होतो : एसीपी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये सरळ जाऊन बसतं. बसलं म्हणून ते त्या शस्त्राचं झालं का? अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेच्या मानकांत लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय आहे, एसीपीचा २०,५००. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक जादा दाब अशा सिलिंडरवर, ज्याचा हिशेब त्या दाबासाठी केलेलाच नाही. “मी झाडून पाहिलंय, काही होत नाही” हा पुरावा नव्हे. धातूने आजवर सोसलं, एवढंच त्यातून कळतं.

नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का जुळवा. आकडा आणि त्यापुढची अक्षरं, दोन्ही. बुडावरचं ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. ते बनवणाऱ्याचं नाव आहे, काडतुसाचा प्रकार नव्हे. बुडावर पुरेशी माहिती नसेल तर डबी वाचा, आणि सुटी काडतुसं डबीबाहेर मिसळून ठेवूच नका. शस्त्रावरचीच अक्षरं झिजली असतील तर आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा.

आता बाकीचे समज झटपट.

“.३८मध्ये .३५७ मॅग्नम घातलं की ताकद वाढते.” १९३५ साली मॅग्नमची पुंगळी सुमारे ३ मिलिमीटरने मुद्दाम लांबवली, ती असे प्रयोग होऊ नयेत म्हणूनच. .३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल मात्र चालतं.

“९ मिलिमीटर सगळं एकच.” पुंगळी १७, १८ आणि १९ मिलिमीटरची अशी निदान तीन वेगळी काडतुसं या नावाखाली येतात.

“रिव्हॉल्वरचं काडतूस पिस्तुलात कधीच चालत नाही.” वॉल्थर जीएसपी हे नेमबाजीचं पिस्तूल .३२ लाँगसाठीही बनवलं गेलं. शस्त्र कशासाठी घडवलंय, ते महत्त्वाचं.

“चाप ओढला, बार झाला नाही, लगेच उघडून बघावं.” नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा. बार उशिराही होतो.

“आवाज फुसका आला, पुढची झाडा.” अजिबात नाही! गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फुटते. शस्त्र रिकामं करा, नळी तपासून घ्या, मगच पुढचं बोला.