आवृत्तिक्रमांक आणि सुरक्षा-दुरुस्ती : लिनक्स वितरणांची रीत

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही संगणक प्रणाली डेबियन या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातील बहुतेक सॉफ्टवेअरचे मूळ आवृत्तिक्रमांक गोठवले जातात. पुढे दोष आढळल्यास नवी आवृत्ती न घेता तेवढी दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवली जाते. नव्या आवृत्तीसोबत येणारे अन्य बदल चालू काम बिघडवू शकतात, हे त्यामागील कारण होय.

१ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष जाहीर झाला. मूळ निर्मात्यांनी तो ९.८ मध्ये दूर केला. डेबियन १२ मध्ये मात्र क्रमांक ९.२ हाच राहिला. बदलली ती केवळ शेवटची खूण, 'डेब१२यू२' ची 'डेब१२यू३' झाली. आमच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत नेमकी हीच खूण दुर्लक्षिली गेली आणि दुरुस्त झालेल्या सर्व्हरवर 'असुरक्षित' असा शेरा पडला. शेऱ्याला घाबरून कोणी ९.८ बाहेरून आणून बसवली, तर पुढील दुरुस्त्या डेबियनकडून आपोआप मिळणे थांबते.

फायरफॉक्स हा याला अपवाद. जुन्या ब्राउझरमध्ये दुरुस्त्या बसवत राहणे आवाक्याबाहेरचे असल्याने तेथे डेबियनही दीर्घकालीन आधाराची नवी आवृत्तीच स्वीकारते.