बाकावरचा शेजारी

पालकसभा आटोपली की एखादी आई हमखास मागे घुटमळते. बाकीचे पांगल्यावर हळूच म्हणते, ‘बाई, तेवढं याला त्या मुलाच्या शेजारून उठवा ना. आमचा मुळात तसा नाहीये हो.’ मीही एकदा ही विनंती केली आहे. माझ्या मुलीला खिडकीजवळच्या बाकावर हलवलंही गेलं. महिना उलटला तरी तिच्या तोंडी तेच शब्द होते आणि वहीच्या मागच्या पानावर तेच फुली-गोळ्याचे डाव. शेजार बदलला होता; वर्ग तोच होता.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्यात इतकी मुरली आहे की संगत म्हटलं की डोळ्यांसमोर दावणीचे दोनच बैल येतात. वर्गात मात्र चाळीस-पन्नास मुलं असतात आणि प्रत्येकाचं लक्ष शेजाऱ्यापेक्षा या सगळ्या घोळक्याकडे असतं. इथे कशाला हसतात? कुणाला खेळायला आधी घेतात? उत्तर चुकलं तर काय होतं, आणि सारखं बरोबर यायला लागलं तर काय होतं? हे कुणी शिकवत नाही, पण जून सरायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं.

हे किती खोल जातं, ते लॉस एंजेलिसच्या काही शाळांतल्या एका प्रयोगातून दिसतं. लिओनार्डो बुर्श्टिन आणि रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली त्याचे निष्कर्ष मांडले. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या अकरावीच्या मुलांना कॉलेज-प्रवेशाच्या ‘एसएटी’ परीक्षेचा तयारीवर्ग फुकट देऊ केला होता. अर्ज दोन प्रकारचे होते आणि फरक एका शब्दाचा. तुमचा निर्णय सगळ्यांपासून गुप्त राहील, असं दोन्हींवर छापलेलं. एकावर पुढे होतं, ‘या खोलीतल्या मुलांसकट’, दुसऱ्यावर ‘या खोलीतली मुलं वगळून’. साधारण वर्गांमध्ये, आपलं नाव इतरांना कळणार म्हटल्यावर, नोंदणी करणारी मुलं शंभरामागे ११ने कमी झाली. हुशार मुलांच्या खास वर्गांत असा फरक पडला नाही.

काही मुलं थोडे विषय खास वर्गात आणि थोडे साधारण वर्गात शिकत होती. अर्ज हातात पडला तेव्हा ती ज्या खोलीत बसली होती, त्या खोलीची रीत त्यांनी पाळली. साधारण वर्गात निर्णय उघड होणार असला की ती मागे सरली, खास वर्गात तो उघड होणार असला की उलट पुढे आली. मूल तेच, वय तेच, आईबाप तेच. हे वाचल्यापासून ‘आमचा मुळात तसा नाहीये’ या वाक्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ते खरंच असतं. त्या दुसऱ्या मुलाच्या आईनेही तेच म्हटलेलं असतं, आणि तिचंही खरंच असतं.

आपल्या वर्गांत या खोलीच्या रीतीला शब्द आहेत. ‘घासू’, ‘शायनिंग मारतो’, ‘बाईंचा लाडका’. वरवर चेष्टा वाटते, पण हात वर करणाऱ्याला हे तीनदा ऐकावं लागलं की चौथ्यांदा हात वर जात नाही. सहावी-सातवीत अचानक गप्प झालेल्या कित्येक मुलांना उत्तर येत नसतं असं नाही. येत असलेलं दाखवणं त्यांना परवडत नसतं.

किशोरवयात ही भीड आणखी चढते. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरच्या मोटारीच्या खेळाने हे तपासलं. एकटी असताना १३ ते १६ वर्षांची मुलं धोका पत्करण्यात मोठ्यांहून फार वेगळी नव्हती. दोन मित्र शेजारी उभे राहिले की मात्र ती कितीतरी जास्त धोके घेऊ लागली. चोविशीपुढच्या माणसांवर मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून आठवीतल्या मुलाला ‘मित्रांनी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील का’ असं विचारणं व्यर्थ आहे. घरात एकटा असताना तो मनापासून ‘नाही’ म्हणेल, आणि त्या क्षणी ते खोटंही नसेल.

मग हुशार मुलं एकीकडे काढावीत का? आपण ते वर्षानुवर्षं केलं. मार्कांनुसार अ, ब, क, ड तुकड्या पाडल्या आणि ‘ड’ तुकडीचं नाव ‘ढ’ तुकडी पडलं. तिथल्या मुलाला वर्गातले साठ चेहरे रोज एकच गोष्ट सांगतात: आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. पण ‘अ’ तुकडीही सगळ्यांना मानवते असं नाही. इंग्लंडमधल्या लाखो विद्यार्थ्यांची नोंद तपासून रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांनी दाखवलं की दोन मुलांचे मार्क सारखेच असले, तरी प्राथमिक शाळेत आपल्या वर्गात ज्याचा क्रमांक वर होता, तो माध्यमिक शाळेत पुढे सरकला. वर्गात आपण कुठे उभे आहोत, त्यावरून मूल स्वतःची किंमत करतं.

याला छेद देणारा पुरावाही आहे. केनियात पहिलीची मुलं पातळीनुसार वेगळी बसवली, तेव्हा दीड वर्षात वरची आणि खालची अशी दोन्हीकडची मुलं पुढे गेली, कारण शिक्षकांना समोरच्या मुलांना पेलेल तेवढंच शिकवता आलं. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’चा अनुभवही या अंगाने जातो: ज्याला अक्षरं येतात आणि ज्याला परिच्छेद वाचता येतो, त्यांचे वेगळे गट करा. पण हे गट दिवसातल्या थोड्या वेळापुरते असतात, आणि मूल वाचायला लागलं की त्याचा गट बदलतो. आपल्या तुकडीचा शिक्का वर्षभर पुसला जात नाही. मला फरक दिसतो तो इथे.

सगळ्यात जास्त भीती असते ती ‘तसल्या’ घरच्या मुलांची. दिल्लीत २००७ मध्ये अनेक खासगी शाळांना काही जागा गरीब घरच्या मुलांना देणं बंधनकारक झालं. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने या वर्गांतल्या सुखवस्तू मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि हिंदीत या मुलांचं काही बिघडलं नाही, इंग्रजीचे मार्क किंचित उतरले. बाकी जे दिसलं ते मला त्या किंचित उतरलेल्या मार्कांहून फार मोलाचं वाटतं. ही मुलं आपल्या वाट्यातलं जास्त देऊ लागली. शाळेतल्या समाजकार्याला आपणहून पुढे येऊ लागली. बक्षिसाच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, गरीब घरचा वेगवान धावणारा सोडून आपल्यासारख्या घरचा हळू धावणारा घेण्याचं त्यांचं प्रमाण घटलं. काही शाळांत अभ्यासाचे गट हजेरीपटावरच्या नावांच्या क्रमाने पडत. त्यामुळे कुणाच्या गटात कोण, हे योगायोगावर होतं. आणि बदलाचा मोठा भाग या एकत्र बसण्यातूनच आलेला दिसला. वर्गात नुसतं असणं पुरत नाही, डबा आणि खोडरबर वाटून घेण्याइतकं जवळ बसावं लागतं.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा वाद आपल्याकडे याच वळणावर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. चर्चा मात्र जागा आणि शुल्काच्या परताव्याभोवतीच फिरली. या जागांवर आलेली मुलं वर्गात कुणाशेजारी बसतात, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. त्यांना वेगळ्या तुकडीत बसवलं तर कागदावर कायदा पाळला जाईल, पण दिल्लीत जे घडलं ते इथे घडणार नाही.

वर्गाची रीत बदलता येते का? न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत २०१२-१३ मध्ये ते करून पाहिलं गेलं. तू कुणाबरोबर वेळ घालवतोस, असं प्रत्येक मुलाला विचारून शाळेतल्या मैत्रीचा नकाशा काढला. त्यानंतर निम्म्या शाळांत थोड्या मुलांना हाताशी धरून, त्रास देणं आणि भांडणं यांवर काय करावं हे त्यांनाच ठरवू दिलं. त्या शाळांत भांडणांच्या शिस्तभंग-नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या, आणि निवडलेल्यांत ज्यांच्याकडे इतर मुलं बघतात अशी मुलं जिथे जास्त होती, तिथे परिणाम अधिक झाला. आपल्याकडे हे काम मॉनिटरकडे असतं. त्याला बाई निवडतात आणि बाई वर्गाबाहेर गेल्या की तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो.

मॉनिटर आधी असा नव्हता. मद्रासजवळच्या एग्मोरमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्या अनाथाश्रमात ती रीत वापरायला शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच लहानांना शिकवायला बसवलं. पुढे ही पद्धत इंग्लंडात ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपल्या पंतोजींच्या शाळांत मोठ्या मुलांनी धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं घोटून देणं नवं नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांत ते आजही चालतं. गुरुजी तिसरीचा भागाकार घेत असतात. कोपऱ्यात चौथीतला एक मुलगा दुसरीतल्या दोघींना जोडाक्षरं वाचून दाखवत असतो. ‘क्ष’पाशी तो स्वतःच अडतो, पाटी उलटी-सुलटी करून बघतो आणि पुस्तक घेऊन गुरुजींकडे जातो.