स्वस्त शस्त्रक्रियेचा अपुरा हिशेब

न्यूयॉर्कहून विमानाने सुमारे चार तासांत डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी गाठता येते. पोटावरील चरबी काढून शरीरास इष्ट आकार द्यावा, या हेतूने अनेक अमेरिकन नागरिक, विशेषतः स्त्रिया, हा प्रवास करतात. सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही. तेथे वेतने, जागेची भाडी कमी, म्हणून शस्त्रक्रियेचे दरही कमी. जेथे वस्तू स्वस्त तेथे ग्राहक जाणार, हा बाजाराचा साधा न्याय होय.

परंतु अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या न्यायाची दुसरी बाजू दाखवितो. २००९ ते २०२२ या काळात त्या देशात सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक मृत्यू पावले. २०१८ पर्यंत वर्षाला सरासरी चार मृत्यू होत. पुढील चार वर्षांत ही सरासरी तेरावर गेली. २०१९ व २०२० मधील ज्या मृत्यूंची वैद्यकीय छाननी झाली, त्यांतील बहुतेकांस मेदाचे कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकणे कारणीभूत ठरले. पोटाची चरबी नितंबात भरताना ती मोठ्या शिरेत शिरली, तर हृदयातून थेट फुप्फुसात पोहोचते. मृतांपैकी अनेकजण स्थूल होते आणि अनेकांवर एकाच बैठकीत एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

यातील शेवटची बाब अर्थशास्त्रीय आहे. प्रवासखर्च एकदाच व्हावा, रजा एकदाच पडावी, म्हणून ग्राहक सर्व कामे एकत्र उरकू पाहतो. म्हणजे बचतीची ओढच धोका वाढविते. त्यातच शस्त्रक्रियेनंतर लगेच केलेला लांबचा विमानप्रवास गुठळीस अनुकूल ठरतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा कस विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्यास हुसकावून लावतो. शल्यगृहात हे अज्ञान अधिक गडद असते. ग्राहक तर तेव्हा भुलीखाली असतो. मोटार निदान परत विकता येते.

बहुसंख्य लोक सुखरूप परततात, हे खरे. परदेशी शल्यविशारद सारेच अकुशल, असेही नव्हे. प्रश्न हिशेबाचा आहे. जाहिरातीतील दरात विमानभाडे व निवास मिळविले की बेरीज पुरी झाली, असे ग्राहक मानतो. गुंतागुंत उद्भवल्यास मायदेशी होणारा उपचार, बुडालेली मजुरी, परक्या न्यायालयात दाद मागण्याची अडचण, ही कलमे त्या कागदावर नसतात. शुल्क आधीच पोहोचलेले असते. जोखीम मात्र ग्राहकाबरोबर घरी येते.

म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून प्रकृतीची तपासणी, शल्यविशारदाच्या अर्हतेची खातरजमा, एका वेळी मर्यादित शस्त्रक्रिया आणि परतण्यापूर्वी पुरेसा विसावा, यांवरील खर्च हा खर्चच धरला पाहिजे. तो धरूनही दर स्वस्त राहिला, तरच तो स्वस्त. एरवी वाचलेला पैसा हा केवळ पुढे ढकललेला खर्च ठरतो, आणि काही अभाग्यांच्या बाबतीत तो फेडण्यास माणूसच उरत नाही.